बी. फार्मनंतर एमबीबीएस: आधी फिजिक्सचा पेपर सोडव

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका २४ वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. बारावी सीबीएसईतून, फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी, ८१ टक्के. दोनदा नीट (एमबीबीएसची प्रवेश परीक्षा) दिली, दुसऱ्या खेपेला ७२०पैकी ४१२ गुण मिळाले (फिजिक्स ५८, केमिस्ट्री १०४, बायॉलॉजी २५०). जागा मिळाली नाही म्हणून बी. फार्म केलं. गेलं दीड वर्ष ती बाबांच्या मेडिकलवर बसते. बाबा स्वतः फार्मासिस्ट नाहीत, त्यामुळे दुकानाचं लायसन्स तिच्या रजिस्ट्रेशनवर चालतं. ती लिहिते: ‘लोक चिठ्ठी पुढे करतात आणि मी गोळ्या मोजून देते. कुणी विचारतं, ताई, ही कशाची गोळी? मी सांगते, तर म्हणतात, बरं, डॉक्टरांनाच विचारतो. मला पुन्हा नीट द्यायची आहे. फार्मसीतली चार वर्षं वाया गेली का? निदान एमबीबीएसमध्ये त्यांची काही सूट मिळेल का? माझं वय झालं का? आई म्हणते, आता स्थळं बघू. बाबा काही बोलत नाहीत.’

प्रिय मैत्रिणी,

तू तीन प्रश्न विचारलेस: वाया गेलेली वर्षं, सूट आणि वय. चौथा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो पत्रात आहे. ‘फिजिक्स ५८’ हे तू कंसात लिहून पुढे गेलीस. माझं उत्तर त्या कंसापाशी येऊन थांबणार आहे, पण आधी तुझे तिन्ही प्रश्न बघू.

वयाचं लगेच सांगते. नीटला आज वयाची वरची मर्यादा नाही. मधल्या काळात खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० वर्षांची अट होती. ती कोर्टात गेली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकल्याचं जाहीर केलं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण असावीत, एवढीच अट उरली आहे. किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. ऐकायला बरं वाटतं, पण यात एक धोका आहे: नियम तुला कधीच थांबवणार नाही. थांबायचं कुठे, हे तुलाच आधी ठरवावं लागेल.

सूट मात्र मिळत नाही. बी. फार्म, डी. फार्म, नर्सिंग, बी. एससी. यांतलं काहीही केलेलं असलं तरी एमबीबीएसच्या मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही, एखाद्या विषयातून माफी मिळत नाही आणि फार्मसी पदवीधरांसाठी वेगळा कोटाही नाही. कुणी ‘फार्मसीवाल्यांची सीट’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दाराबाहेरूनच परत पाठव. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप हे सगळ्यांना सारखंच. पहिल्या टप्प्यात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. तुझी ओळखीची फार्माकॉलॉजी दुसऱ्या टप्प्यात, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीच्या सोबत येते. तिथे तुला नक्कीच हलकं जाईल. बीटा ब्लॉकर दम्याच्या पेशंटला का देत नाहीत हे तुला पहिल्यांदा पाठ करावं लागणार नाही. पण हजेरी, जर्नल आणि परीक्षा सगळं इतरांसारखंच.

पात्रतेसाठीसुद्धा तुझी पदवी बघत नाहीत, बारावी बघतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४० टक्के, आणि इंग्रजी विषय असलेला. तुझं हे सगळं बसतं. इथे तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. बी. फार्मला गणितवाल्यांनाही प्रवेश मिळतो. पहिल्या सेमिस्टरला त्यांना ‘रेमेडियल बायॉलॉजी’ असतं आणि पुष्कळांना वाटतं की बायॉलॉजीची अट त्याने भागली. ती भागत नाही. बारावीला बायॉलॉजी नव्हतं तर मान्यताप्राप्त बोर्डातून तो विषय अतिरिक्त म्हणून देऊन पास व्हावं लागतं. नोव्हेंबर २०२३ पासून आयोग असा नंतर घेतलेला विषय ग्राह्य धरतो, त्याआधी धरत नव्हता. त्यामुळे जुन्या सीनियरने ‘चालत नाही’ म्हणून सांगितलं असेल तर ते आता खरं नाही. फक्त बोर्डाची परीक्षा आणि तिचा निकाल काउन्सेलिंगच्या (जागावाटपाच्या) आधी हातात येईल असं वेळापत्रक लावा.

आता वाया गेलेल्या वर्षांबद्दल. इथे जरा थांबते, कारण तुझ्या पत्रातला सगळा सल इथेच आहे. काउंटरवरचा जो प्रसंग तू लिहिलास, त्यात नेमकं काय टोचलं? दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, तुला माहीत असूनही तुझ्या शब्दाला वजन मिळालं नाही. दुसरी, चिठ्ठीवर हे औषध का लिहिलं, दुसरं का नाही, पेशंटला नेमकं काय झालंय, हे तुला कळत नाही आणि कळून घ्यायचं आहे. पहिलीवर एमबीबीएस हा फार महागडा उपाय आहे. इंटर्नशिपच्या वर्षभरात डॉक्टरच्या शब्दालाही वॉर्डात फारसं वजन नसतं. दुसरी गोष्ट खरी असेल, म्हणजे पेशंट तपासावा, निदान करावं, जबाबदारी घ्यावी असं वाटत असेल, तर त्याला दुसरा रस्ता नाही आणि तुझी इच्छा रास्त आहे. आठवडाभर एक वही काउंटरखाली ठेव. ज्या ज्या चिठ्ठीपाशी मन अडकलं, तिथे एक ओळ लिही: ‘ऐकलं नाही म्हणून’ की ‘कळलं नाही म्हणून’. आठवड्याने मोज. हे उत्तर तुझ्या वतीने मी देऊ शकत नाही, आई-बाबाही देऊ शकत नाहीत.

समजा, ‘कळलं नाही म्हणून’ हेच जास्त निघालं. मग आपण फिजिक्सकडे येऊ.

नीटचा पेपर २०२५ पासून पुन्हा साधा झाला आहे: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायॉलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. ऐच्छिक प्रश्नांची सोय गेली. तू परीक्षा दिलीस तेव्हाही १८०च प्रश्न होते आणि वेळही तीन तासच. म्हणजे तुला हा नमुना नवा नाही. नवं आहे ते असं की बी. फार्मच्या चार वर्षांत तू फिजिक्सचं एक पानही उघडलेलं नाहीस, आणि दहा-दहा गुणांची लांब उत्तरं लिहायची सवय हाताला लागली आहे. मिनिटाला एक प्रश्न ही वेगळी कसरत आहे.

फार्मसीचा उपयोग कुठे होतो? ऑरगॅनिक केमिस्ट्रीत भरपूर. बायोमॉलेक्यूल्स, आयनिक इक्विलिब्रियम, बफर, रिअॅक्शनचा वेग, इथे हात चालेल. मानवी शरीरक्रिया तर तू दोन सेमिस्टर शिकली आहेस. पण इथेच एक खड्डा आहे आणि फार्मसीवाले हमखास त्यात पडतात. एक उदाहरण देते. फिजिऑलॉजीच्या जाड पुस्तकात हृदयाचे ठोके मिनिटाला ७५, एका ठोक्याला ७० मिली, म्हणून मिनिटाला ५.२५ लिटर, असा हिशेब शिकलेला असतो. एनसीईआरटीच्या क्रमिक पुस्तकात ठोके ७२ आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर. पर्यायांत दोन्ही आकडे असतील तर तू चार वर्षांच्या सवयीने ५.२५ वर खूण करशील आणि पाच गुण घालवशील, चार हुकले आणि एक वजा. नीटची बायॉलॉजी म्हणजे एनसीईआरटीचं वाक्य. जाड पुस्तकं बांधून माळ्यावर टाक. एनसीईआरटी अकरावी-बारावी ओळीओळीने, तळटिपा आणि चित्राखालच्या ओळींसकट वाच. जिथे तुझं ज्ञान पुस्तकाशी भांडतं तिथे पेन्सिलने खूण कर. त्या खुणांची यादी म्हणजे तुझे सगळ्यात धोक्याचे प्रश्न.

वनस्पतिशास्त्राबाबतही गैरसमज नको. फार्माकॉग्नोसीत (वनस्पतिजन्य औषधांच्या विषयात) पानाचे छेद, स्टोमाटाचे प्रकार, कुळं झालेली असतात, म्हणून ‘बॉटनी येते’ असं वाटतं. फ्लोरल फॉर्म्युला, वनस्पतींचे जीवनचक्र, इकॉलॉजी, जेनेटिक्सची गणितं यातलं तिथे जवळजवळ काही नव्हतं. ९० पैकी जवळजवळ निम्मे प्रश्न या बाजूचे.

अभ्यासक्रमही बदलला आहे. २०२४ पासून केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, एस-ब्लॉक, धातू काढण्याचा धडा, सगळे गेले. दैनंदिन जीवनातलं रसायनशास्त्रही गेलं, म्हणजे अँटासिड, अँटिहिस्टामिन, वेदनाशामकं असलेला तो एकमेव धडा, जो तू झोपेतही सोडवला असतास. बायॉलॉजीतून पचनसंस्थेचा धडा गेला. फिजिक्समध्ये प्रयोगांवरचा भाग आला, व्हर्नियर, स्क्रू गेज वगैरे. म्हणून खजुरी बाजारातून जुनी गाइडं स्वस्तात आणणार असशील तर छापल्याचं साल बघ. २०२४च्या आधीची असतील तर महिनाभर तू अशा धड्यांवर घालवशील जे आता विचारतच नाहीत. आयोगाने जाहीर केलेला अभ्यासक्रम छापून भिंतीवर लाव आणि त्याच्याशीच ताळा कर.

आता गुणांचं लक्ष्य. ‘साडेपाचशे काढले की झालं’ असं कोचिंगवाले सांगतात. तुझे ४१२ धरले तर बायॉलॉजी २५०वरून ३२०, केमिस्ट्री १०४वरून १३५, फिजिक्स ५८वरून ९५ केलं की ५५० होतात. हिशेब चुकीचा नाही आणि बायॉलॉजी-केमिस्ट्रीतली वाढ तुझ्या आवाक्यात आहे. पण आकड्याला चिकटू नकोस. २०२४ मध्ये पहिला क्रमांक ७२०चा होता, २०२५ मध्ये पेपर इतका कठीण निघाला की पहिला क्रमांक ६८६वर आला. ५५० गुणांना २०२५ मध्ये खुल्या गटात सरकारी जागा होती, २०२४ मध्ये तेवढ्यात ती मिळाली नसती. म्हणून जुना पेपर सोडवलास की गुणांवरून त्याच वर्षीची रँक काढ. अखिल भारतीय कोट्यात खुल्या गटाची सरकारी जागा साधारण पहिल्या वीस-बावीस हजारांत संपते, राज्याच्या कोट्यात त्याहून पुढे जाते. आणि ‘क्वालिफाय’ होण्याने हुरळून जाऊ नकोस. २०२५ मध्ये खुल्या गटाची ती रेघ १४४ गुणांवर होती. २२ लाखांहून जास्त मुलं बसली, त्यातली बारा लाखांच्या वर पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी निम्म्याच.

तेव्हा दुकान, लग्न, बाबा, सगळं बाजूला ठेवून पहिलं काम हे कर. येत्या रविवारी दुपारी २ ते ५ या वेळात २०२५चा नीटचा पेपर सोडव. परीक्षेचीही हीच वेळ असते, आणि मेडिकलवर दुपारी गर्दीही कमी असते. पेपर छापून घे, ओएमआर शीटही (गोळे भरायची उत्तरपत्रिका) छापून घे, गोल काळ्या बॉलपेनने भर. मोबाइल दुसऱ्या खोलीत. कॅल्क्युलेटर नाही. हे मुद्दाम सांगते, कारण फार्मसीत चार वर्षं एकेक टायट्रेशनची रीडिंगसुद्धा कॅल्क्युलेटरवर केलेली असते आणि आता ०.०८ने भागायला हात थांबतो. संध्याकाळी तपास आणि तीन विषयांचे गुण वेगवेगळे लिही. फिजिक्स शून्याच्या खाली गेलं तरी घाबरू नकोस, पाच-सहा वर्षांच्या खंडानंतर तसं होतं. हा आकडा सुरुवातीची रेघ म्हणून हवा आहे.

मग आठ आठवडे फक्त फिजिक्स, रोज दोन तास. बायॉलॉजीला हात लावू नकोस, तिथे मन रमतं आणि अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. दुसऱ्या खेपेलाही बहुधा तेच झालं असेल: बायॉलॉजी २५०, फिजिक्स ५८. पहिल्या आठवड्यात युनिट-डायमेन्शन आणि व्हेक्टर, मग सरळ रेषेतली आणि प्रतलातली गती, न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा. पाचव्या आठवड्यापासून बारावीकडे ये: करंट इलेक्ट्रिसिटी, मग मॉडर्न फिजिक्स आणि सेमिकंडक्टर. शेवटचे दोन धडे छोटे आहेत, प्रश्न नेमके असतात, गुण लवकर दिसतात. रोज पंचवीस गणितं, हाताने, वेळ लावून. चुकलेलं गणित त्याच दिवशी पुन्हा न बघता तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर कर. तेव्हा आलं तरच ते आलं. पुष्कळ मुलं उत्तराची पायरी वाचून ‘समजलं’ म्हणतात, आणि पेपरात पहिलीच ओळ सुचत नाही.

आठ आठवड्यांनी याच धड्यांवरचे मागच्या पाच वर्षांतले नीटचे प्रश्न वेळ लावून सोडव. दहापैकी सहा बरोबर येत असतील तर पूर्ण तयारीला लाग, तुझं गाडं रुळावर आहे. चारच्या खाली असतील तर दोन महिने कष्ट करूनही विषय साथ देत नाही, असं समज आणि दुसरा रस्ता धर. मधे असशील तर आणखी महिनाभर दे, त्याहून जास्त नको. ही रेघ मी माझ्या अंदाजाने आखली आहे. तुला वाटलं तर थोडी वर-खाली कर, पण आखल्यावर पुसू नकोस.

पूर्ण तयारी म्हणजे दहा-अकरा महिने. त्यात भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या ड्रॉपर (बारावीनंतर पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या) बॅचला सहा-सहा तास बसायची गरज तुला आहे असं मला वाटत नाही. केमिस्ट्रीची तुझी पायाभरणी झालेली आहे. फिजिक्सचा एकच क्लास आणि एक चांगली टेस्ट सीरिज पुरे. पेपरात वेळ असा वाटून घे: बायॉलॉजी ४५ ते ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५०, फिजिक्सला तासभर आणि उरलेली मिनिटं शीट तपासायला. गोळे शेवटी एकदम भरायला ठेवू नकोस, एक रांग चुकली की पन्नास उत्तरं सरकतात. अंदाजाबाबतही स्पष्ट राहा: दोन पर्याय नक्की खोडता आले तर खूण कर. अशा चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर, दोन चूक, म्हणजे ८ वजा २, सहा गुण पदरात. एकही पर्याय खोडता येत नसेल तर सोडून दे, त्यात हाताशी काही लागत नाही आणि वेळ जातो.

मराठीतून पेपर देता येतो, पण मराठीचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच असतो. इंदूरला इंग्रजी किंवा हिंदी. तू चार वर्षं इंग्रजीतून शिकलीस, इंग्रजीच घे.

आणि महाराष्ट्रावरून आठवलं. इंदूरच्या मराठी घरांत हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘पुण्याला मावशी आहे, तिकडून फॉर्म भरू.’ महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली आणि तिथला अधिवास, दोन्ही लागतं. मातृभाषा किंवा मावशी कामी येत नाही. तिथली सरकारी जागा तुला फक्त १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून मिळू शकते. तुझी खरी संधी मध्य प्रदेशच्या ८५ टक्के राज्य कोट्यात आहे. त्यासाठी मूल निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेव, आणि जात प्रमाणपत्र लागू असेल तर तेही मध्य प्रदेशातलंच. आर्थिक दुर्बल गटाचा दाखला दर आर्थिक वर्षाला नवा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही आणि काउन्सेलिंगच्या आठवड्यात तो मिळवताना धावपळ होते. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, बी. फार्म कॉलेजचा टीसी, विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र आणि मधल्या वर्षांचं नोटरी केलेलं शपथपत्र, हे एका फाइलमध्ये लाव. टीसी कॉलेजातच पडून राहिलेला असतो, कारण पदवीनंतर कुणी मागतच नाही.

इंदूरचं एमजीएम मेडिकल कॉलेजच मिळेल असं धरून चालू नकोस. तिथली रँक राज्यातल्या वरच्या रांगेची. रतलाम, खंडवा, मंदसौर, नीमच, सागर, रीवा यांचीही सरकारी कॉलेजं आहेत आणि शिकवण्याला ती पुरेशी आहेत. घर सोडावं लागेल हे मात्र आईला आधी सांग.

आता पैसे. तुला इथे एक गोष्ट नजरेआड झाली आहे, असं मला वाटतं. दुकानाचं लायसन्स तुझ्या रजिस्ट्रेशनवर आहे. फार्मसी कायदा १९४८ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही, आणि चिठ्ठीवरचं औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली जावं लागतं. एमबीबीएसला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. म्हणजे तू कॉलेजात आणि तुझं सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर, हे जमणार नाही. पुष्कळ ठिकाणी तसं चालतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. तपासणीत लायसन्स बाबांचं जाईल आणि रजिस्ट्रेशन तुझं. तू गेलीस की बाबांना दुसरा फार्मासिस्ट ठेवावा लागेल आणि औषध प्रशासनाला तो बदल कळवावा लागेल. महिना १५ हजार पगार धरला तर तयारीचं एक आणि शिक्षणाची साडेपाच, अशा साडेसहा वर्षांचे ११ लाख ७० हजार होतात. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या आसपास. पुस्तकं, टेस्ट सीरिज, हॉस्टेल मिळवून हा मामला अठरा-वीस लाखांचा आहे, आणि तोही सरकारी जागा मिळाली तर. खाजगी कॉलेजची ट्यूशन फीच वर्षाला दहा लाखांच्या पुढे, साडेचार वर्षांचे पन्नास लाख कुठेच गेले नाहीत. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेवर भिस्त ठेवू नकोस, त्यात सीबीएसईच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के लागतात, तुझे ८१ आहेत. बँकेचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात, आणि तारण म्हणजे बहुधा घर किंवा ते दुकानच. बाबा काही बोलत नाहीत ते नकार म्हणून, की हा हिशेब मनात चालू आहे म्हणून? विचारून बघ. आकडे कागदावर मांडून घेऊन जा, नुसती इच्छा सांगायला जाऊ नकोस.

परदेशातल्या स्वस्त एमबीबीएसच्या जाहिराती तुला दिसत असतीलच. त्यालाही नीट पात्रता लागते. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असावी लागते. परत आल्यावर परवाना परीक्षा आणि इथली आणखी एक वर्ष इंटर्नशिप. गेल्या काही वर्षांत त्या परीक्षेला बसलेल्यांपैकी तिसरा हिस्साही एका खेपेला पास झालेला नाही. पंचविशीनंतर सुरुवात करणाऱ्या मुलीला मी हा रस्ता सुचवणार नाही.

‘पस्तिशी तर तशीही येणारच, मग डॉक्टर होऊनच येऊ दे,’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकायला गोड आहे, पण वर्षं मोजून बघ. पुढच्या मे महिन्यात यश आलं तर २५व्या वर्षी प्रवेश, ३१च्या आसपास इंटर्नशिप संपते, मग सरकारी कॉलेजचा ग्रामीण सेवेचा बॉण्ड, मग एमडी करायचं तर आणखी तीन वर्षं. म्हणजे ३५-३६. हे वाईट नाही, पण हा कालावधी तुला आणि तुझ्याशी लग्न करणाऱ्याला, दोघांना आधी माहीत हवा. स्थळ बघायला हरकत नाही, पण पहिल्याच भेटीत हे वेळापत्रक सांग. लपवलंस तर दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत त्रास होईल.

फिजिक्सने साथ दिली नाही, किंवा वहीत ‘ऐकलं नाही म्हणून’ जास्त निघालं, तर काय? बी. फार्मनंतरचं तीन वर्षांचं फार्म. डी. आहे, दोन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष हॉस्पिटलमध्ये. चिठ्ठी का लिहिली हे वॉर्डात उभं राहून कळतं. औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही हे आधीच समजून घे. मध्य प्रदेशात क्लिनिकल फार्मासिस्टच्या नोकऱ्या अजून मोठ्या हॉस्पिटलांपुरत्याच आहेत. एम. फार्म करायचं तर जीपॅट दे, पात्र ठरलेल्यांना महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती असते. फार्माकॉलॉजी किंवा फार्मसी प्रॅक्टिस घेतलंस तर फार्माकोव्हिजिलन्सकडे (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामाकडे) रस्ता जातो. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी केंद्रं मेडिकल कॉलेजांतच असतात, आणि तिथे तुझ्या शब्दाला कागदावर वजन असतं. ड्रग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला तुझी आत्ताची पदवीच चालते.

नीटच द्यायची ठरली तर दोनच प्रयत्न. ते आजच्या तारखेने लिहून, बाबांची सही घेऊन ठेव. पहिल्या प्रयत्नाच्या वर्षात दुकानात सकाळची पाळी बस, म्हणजे पूर्ण वेळेचा फार्मासिस्ट लगेच ठेवावा लागणार नाही, फक्त दुपारनंतरच्या पाळीला लागेल, आणि दुपारपासून अभ्यास होईल. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी पूर्ण वेळ अभ्यास, आणि पूर्ण वेळेच्या फार्मासिस्टचा पगार आधीच बाजूला काढलेला असू दे. काहीही ठरलं तरी राज्य फार्मसी कौन्सिलमधल्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नकोस. ती पावती टीसीच्याच फाइलमध्ये लाव.